डाव्या बाजूला उभा माणूस

धनेशनं मला दाजी म्हणायचं सोडलं तो मंगळवार होता. यार्डाच्या एसी ऑफिसात चार खुर्च्या एका बाजूला, आणि समोर पाचवीवर मी. त्यानं हातातला कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचलं, "ऑपरेटर श्री. शिवा नामदेव घरत." मला क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. सत्तावीस वर्षांत त्याच्या तोंडून मी माझं पूर्ण नाव कधी ऐकलं नव्हतं. त्याला ते माहीत आहे, हेही मला त्या दिवशीच कळलं.

दाजी का, ते आधी सांगतो. माझी बायको गोदू विचुंब्याची. धनेशचं घर तिच्या माहेराला लागून, मधे एक कुंपण, तेही गुरं शिरू नयेत म्हणून. गोदूला सख्खा भाऊ नाही. धनेश तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. तिनं त्याला कडेवर घेऊन फिरवलेला, त्याचं नाक पदराला पुसलेलं. भाऊबीजेला ती त्यालाच ओवाळते, लग्नाच्या आधीपासून. आणि आमच्याकडे बायकोच्या गावात नवरा हा अख्ख्या गावाचा दाजी असतो. कंबरेत वाकलेले म्हातारेसुद्धा "या दाजी, बसा दाजी" करतात आणि ताटातलं मटण संपू देत नाहीत. धनेश तर दहावीत असल्यापासून माझ्या मागं मागं असायचा.

पुढं विचुंब्यात इमारती उभ्या राहिल्या, धनेशच्या वडिलांची शेतं त्यांच्याखाली गेली. त्याच्या वयाच्या पोरांनी गाड्या घेतल्या, लग्नात घोडा नाचवावा तसे पैसे नाचवले. धनेशनं तीन फोर्कलिफ्ट घेतल्या. पळस्प्याजवळच्या एका यार्डात, जिथं दिवसभर कंटेनर रिकामे होतात आणि भरतात, तिथं त्याच्या मशीन लागल्या. मी तेव्हा कारखाना बंद पडून घरी बसलो होतो. आमच्या आपट्याच्या घरी येऊन तो ओट्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "दाजी, मशीन माजी, पन चालवायची तुमी. दुसऱ्याच्या हातात द्यायचा माजा जीव होत नाय." मालक असा बोलला की त्याच्यासाठी जीव टाकावासा वाटतो. मी टाकला. अकरा वर्षं टाकला.

काम लोकांना सोपं वाटतं. पुढं मालाची थप्पी, मागं भोंगा, आजूबाजूला माणसं, आणि यार्डात इतका गोंगाट की हाक मारून उपयोग नाही. म्हणून आमची एक पद्धत होती. मालाचे नंबर लिहून घेणारा चेकर मशीनच्या डाव्या बाजूला उभा राहायचा. हातातलं पॅड वर करायचा, म्हणजे मी इथं आहे. ऑपरेटरनं हात वर करायचा, म्हणजे दिसलास. मगच मशीन हलायची. कंपनीनं भिंतीवर लावलेल्या दीडशे सूचनांमध्ये ही नव्हती, तरी सगळे पाळायचे. माझा हात तर यार्डात नावाजलेला. नवे ऑपरेटर घाईत दोन बोटं हलवतात. मी कोपरापासून पूर्ण हात वर करायचो.

माझ्या शिफ्टचा चेकर अबरार. पनवेलचाच, मोहल्ल्यातला. भाऊ दुबईला, मेव्हणे कतारला. हा मात्र कुठं गेला नाही, सफूराला सोडून राहवत नाही म्हणून. यार्डात त्याला त्यावरून सगळे चिडवायचे आणि तो लाजायचा, दोन मुलांचा बाप असून. दुपारी आम्ही एकाच कंटेनरच्या सावलीत डबा उघडायचो. सफूराच्या हातची सांदणं त्याच्या डब्यात असली की अर्धी माझी. तो म्हणायचा, "शिवाभाईंचा हात वर गेला की मी बेफिकीर होऊन नंबर लिहितो." मला ते ऐकून बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही?

चार वर्षांपूर्वी माझी डावी बाजू जायला लागली. दुखलं नाही, खुपलं नाही. दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला. गोदू डावीकडून चहा ठेवायची आणि मी तो सांडायचो, वर तिलाच रागवायचो. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर येणार नाही, राहिलेली औषधाचे थेंब टाकून राखायची. उजवा डोळा ठणठणीत होता. ही गोष्ट मी पहिल्यांदा गोदूला सांगितली आणि दुसऱ्यांदा धनेशला. मालकाला असलं कुणी सांगतं का? पण तो मालक होताच कुठं.

धनेश जवळ सरकला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, तुमी घरी बसून काय करनार? मी हाय ना. ही गोष्ट आपल्यात रावू दे." दुसऱ्या दिवसापासून सकाळी तो स्वतः गाडी घेऊन फाट्यावर यायला लागला, मला मोटारसायकल चालवायला लागू नये म्हणून. मला तेव्हा रडू आलं होतं. गाडीत नाही, घरी येऊन, न्हाणीघरात.

यार्डात वर्षातून एकदा तपासणी व्हायची. आदल्या दिवशी एक माणूस येऊन ऑफिसातल्या पाण्याच्या मशीनशेजारी अक्षरांचा तक्ता टांगून जायचा. धनेशनं त्याचा फोटो काढला आणि संध्याकाळी आमच्या घरी येऊन मला वाचून दाखवला. न, ट, र, ग. त्याखाली ल, प, च, म, व. त्याखाली बारीक, थ, द, स, ह, क, ण. मी पाठ केलं. गोदू चहा गाळता गाळता म्हणाली, "शालंत पाडं नाय पाठ केलं, आता म्हातारपनी अक्षरां पाठ करतान." आम्ही तिघंही हसलो. दुसऱ्या दिवशी उजवा डोळा तळव्यानं झाकून मी ते घडाघडा म्हटलं. डॉक्टरनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तीन वर्षं तोच तक्ता होता.

आणखी एक सांगायचं राहिलं, कारण पुढं त्यानंच माझा गळा आवळला. रोज मशीन सुरू करण्याआधी एक कागद भरायचा असतो. ब्रेक, भोंगा, टायर, दिवे, प्रत्येकापुढं ओके आणि खाली ऑपरेटरची सही. महिन्याच्या एक तारखेला धनेश तीसच्या तीस कागद भरून आणायचा. "रोज कोन लिवत बसंल, दाजी." मी एका बैठकीत तीस सह्या करायचो. चहा निवायच्या आत. सगळ्याच यार्डांत असंच चालतं. निदान आम्ही तसं समजत होतो.

गणपती जाऊन आठवडा झाला असेल. गुरुवारी ब्रेकचं पेडल नरम लागायला लागलं. दाबलं की पाय जास्तच खाली जायचा. मी धनेशला फोन केला. तो म्हणाला, "रविवारी बाळूला लावतो. दोन दिवस सांबाळून घ्या, दाजी." बाळू म्हणजे त्याचा मेकॅनिक. मी म्हटलं, घेतो सांभाळून. दुसऱ्या मालकाला मी मशीन बंद करून चावी दिली असती.

शनिवारी अकराच्या सुमाराला मी थप्पी उतरवून मागं यायला निघालो. अबरार डावीकडं उभा होता, मशीन आणि कंटेनर यांच्या मधल्या जागेत, नेहमीच्या ठिकाणी. त्यानं पॅड वर केलं. मी हात वर केला. मशीन हलली. मग ओरडणं ऐकू आलं, मी पेडल दाबलं, आणि पाय खाली, अगदी खाली गेला. उतरून धावलो तेव्हा अबरारचा उजवा पाय गुडघ्याखाली मशीन आणि कंटेनर यांच्या मधे चेपला होता. तो ओरडत नव्हता. ओरडत होते ते बाकीचे.

दहा मिनिटांत धनेश आला. त्यानं माझे दोन्ही हात धरले. तोही माझ्याइतकाच घाबरला होता, हे मी शपथेवर सांगतो. म्हणाला, "दाजी, तुमी कायपन बोलू नका. ब्रेकचं मी सांगतो. आनि हास्पिटलात जाऊ नका, त्यांची मानसं तापलीत." मी ऐकलं. दहा दिवस घरात बसलो. नदीच्या काठाला जाऊन बसायचो, फोन वाजेल म्हणून पुन्हा घरी यायचो. पाय कापावा लागला, हे मला बाळूनं फोनवर सांगितलं. अबरारच्या घरी तेवढ्या दिवसांत एकच गोष्ट कळली असेल. चालवणारा तोंड दाखवायलासुद्धा आला नाही.

मग तो मंगळवार. श्री. शिवा नामदेव घरत यांनी त्या दिवशीच्या तपासणीच्या कागदावर ब्रेक सुस्थितीत असल्याची सही केली आहे. श्री. घरत यांनी आपल्या डाव्या डोळ्यातील दोष मालकापासून लपवून ठेवला. सदर बाब अपघातानंतरच निदर्शनास आली. धनेशनं हे सगळं न अडखळता वाचलं.

"धनेश, तुला म्हायती होतं," मी म्हटलं.

कंपनीचा मॅनेजर त्याच्याकडं बघायला लागला. धनेशनं कागदाची घडी घातली. लग्नात दारू प्यालेल्या पाहुण्याला बाजूला घेतात तशा आवाजात तो म्हणाला, "घरत, तुमची मनःस्थिती मी समजू शकतो."

मनःस्थिती! आमच्या ओट्यावर "हाय" आणि "नाय" बोलणारा माणूस. खोटं बोलण्यापेक्षा मला त्या मराठीचा जास्त राग आला. ते बोलणं त्यानं घरी आरशासमोर बसवलं असणार, मी अक्षरं बसवली होती तसं.

मॅनेजरनं विचारलं, काही पुरावा आहे का. काय पुरावा देऊ? तक्ता पाठ करून तीन वर्षं तुमच्या डॉक्टरला फसवलं, हा? तीस कागदांवर आगाऊ सह्या केल्या, हा? जे जे सांगून धनेशला पकडता आलं असतं, त्याच्या प्रत्येक टोकाला माझीच मान अडकलेली होती. मी नाही म्हटलं. पोलिसांच्या कागदावर एकट्याचं नाव लागलं, माझं.

घरी गोदूनं सगळं ऐकून घेतलं. ती तांदूळ निवडत होती, ताट तिनं बाजूला सारलं. "मी व्हते ना तवा. मी ऐकलाय सगलं. त्याच्या तोंडावर सांगीन मी." मग ती थांबली. तिचा चेहरा उतरताना मी पाहिला. "पन अवो, मी काय सांगू? धनेशनं वाचून दाखवलं आनि तुमी पाठ केलं, असंच ना? त्यात तुमी कुटं सुटतान?"

तिनं ताट पुन्हा पुढं ओढलं. त्या दिवशी तिनं तेच तांदूळ तीनदा निवडले.

भाऊबीज आली. सकाळपासून गोदूनं ताम्हन घासून ठेवलं होतं आणि त्याच्याकडं पाठ करून बसली होती. जायचं नाही असं ती म्हणत नव्हती, जायचं असंही नाही. शेवटी मी म्हटलं, चल, दोघं जाऊ. मला तिथं माझ्या कामासाठी जायचं होतं. नोकरी मला परत नको होती, कागदावरचं नाव पुसायलाही नको होतं. मला एवढंच पाहिजे होतं की धनेशनं एकदा अबरारकडं जावं आणि ब्रेक गेला होता हे आपल्या तोंडानं सांगावं. चार भिंतींत, साक्षीदार नको, कागद नको. आठ वर्षं माझ्याबरोबर जेवलेला माणूस, आंधळ्यानं माझा पाय घेतला असं म्हणत उरलेलं आयुष्य काढणार, हे मला सहन होत नव्हतं.

विचुंब्यात आता धनेशचा बंगला सात मजली इमारतीच्या सावलीत उभा आहे. दारातच तो मोठ्यानं म्हणाला, "या दाजी, या." शेजारच्यांना ऐकू जावं इतकं मोठ्यानं. त्याची बायको अंकिता पाणी घेऊन आली आणि आमच्याकडं न बघता आत गेली. पाटावर बसून धनेशनं मान खाली केली, गोदूनं टिळा लावला, ओवाळलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं. निदान मला तसं वाटलं, आणि हल्ली मला वाटतं त्याला काही किंमत राहिलेली नाही.

जेवणाआधी आम्ही दोघं गच्चीवर गेलो. त्यानंच सुरुवात केली. "दाजी, माज्या मशीन काडून टाकल्या असत्या त्यांनी. मग दुसऱ्या दोन मशीनवाले पन घरी. मी काय करनार व्हतो?"

"ते सगळं जाऊ दे," मी म्हटलं. "तू फक्त अबरारला सांग. ब्रेक गेला होता एवढंच सांग."

तो इमारतीकडं बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "ब्रेक नव्हता गेला, दाजी. शुक्रवारी सांजचा बाळूनं करून दिला. तुमाला सांगायचं रावून गेलं."

मला पहिल्यांदा ते कळलंच नाही. मग मी विचारलं, "तर मग ऑफिसात का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर गुरुवारी बिगडला व्हता हे पन सांगाया लागलं असतं. म्हंजे दोन दिवस तशीच मशीन चालवली का, असं इचारलं असतं."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. हे तोंड मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ओळखतो. अक्षरं वाचून दाखवताना ते जसं होतं तसंच आत्ताही होतं, शांत, काळजीचं, आपल्या माणसाचं. त्याच्या बोलण्यात कुठं फट नव्हती. खोटं असतं तरी ते असंच असतं आणि खरं असतं तरी असंच. महिनाभरापूर्वी तो म्हणाला असता की सूर्य मावळला, तर मी वर न बघता दिवा लावला असता. आता तो माझ्यासमोर उभा राहून एक गोष्ट सांगत होता आणि ती खरी असेल तर अबरारचा पाय माझ्या डोळ्यानं गेला होता, खोटी असेल तर नाही, आणि मला यातलं कुठलं ते ओळखता येत नव्हतं. त्यानं मला फसवलं याचं मला दुःख होतंच. पण त्याचं खरंही आता माझ्या उपयोगाचं राहिलं नाही, हे मला त्या गच्चीवर कळलं.

आणि पेडल? पाय अगदी खाली गेला होता. की तो गुरुवारचा पाय? त्या दिवसापासून मी ओट्यावर बसल्या बसल्या ते पेडल इतक्या वेळा दाबलंय की कुठल्या दिवशी ते किती खाली गेलं, हे माझ्या पायाला आता सांगता येत नाही. मी परत येताना बाळूला गाठला. तो बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. ते बाहेर न काढताच म्हणाला, "शेठला इचारा, दाजी." मी त्याला दोष देत नाही. दोन महिन्यांपूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं.

रिक्षात गोदूच्या मांडीवर भावानं दिलेली साडी होती, न उघडलेली. "काय बोलला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. साडी अजून तशीच कपाटावर आहे, तिनं ती कपाटातही ठेवलेली नाही.

चार दिवसांनी मी एकटाच पनवेलला अबरारकडं गेलो. दुसरा मजला, अरुंद जिना, दोराला धरून चढायचा. चढताना मनात आलं, हा माणूस आता खाली कसा येत असेल. सफूरानं दार उघडलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बाजूला सरली.

अबरार गॅलरीच्या दाराशी खाटेवर बसला होता. वाळला होता, दाढी वाढली होती, कमरेवरून चादर. "या शिवाभाई," तो म्हणाला. मी स्टुलावर बसलो, त्याच्या चादरीकडं न बघता. सफूरानं चहा आणून ठेवला, आणि मला कळलं की तो उजवीकडं ठेवलाय. म्हणजे तिलाही माहीत होतं.

"शेठ येऊन गेले," अबरार म्हणाला. "फळं घेऊन आले होते. म्हणत होते, तुमच्या नजरेचं त्यांना ठाऊक असतं तर तुम्हाला मशीनवर बसूच दिलं नसतं."

"ठाऊक होतं त्याला," मी म्हटलं. आणि मग मी सगळं सांगितलं. डोळा, तक्ता, गोदूचं हसणं, तीस सह्या, गुरुवारचा फोन, हॉस्पिटलात जाऊ नका म्हणणं, गच्चीवरचा शुक्रवार. इतक्या दिवसांत मी कुणापुढं हे एका दमात बोललो नव्हतो. बोलता बोलता छाती हलकी होत गेली. हा माणूस ऐकतोय, यालाच कळेल मला कसं फसवलं ते, असं वाटायला लागलं. शेवटी मी म्हटलं, "तर ब्रेक लागला नाही, अबरार. किंवा लागला असेल. ते मला आता कधीच कळणार नाही."

"ब्रेकचं मी विचारतच नाही, शिवाभाई," तो म्हणाला. "मशीन आहे, बिघडते. नसीब माझं. पण एक विचारू?"

"विचार."

"मी पॅड वर केलं. तुम्ही हात वर केलात. मी दिसलो होतो का?"

आत कुकरची शिट्टी झाली.  तो शनिवार माझ्या डोळ्यांसमोर आणला. काचेवरचं ऊन आठवलं, माझा हात आठवला, कोपरापासून वर गेलेला. अबरार आठवला नाही. मग शुक्रवार आठवून पाहिला. तिथंही हातच. मी मागं मागं जात राहिलो, आणि चार वर्षं मागं गेलो तरी मला माझा हातच दिसत होता. ती जागा आली की हात वर जायचा. तो तिथं असणारच, पॅड वर केलेलं असणारच. बघायचं कशाला?

"हात करायचो मी," मी म्हटलं. "जागा आली की."

अबरारनं मान हलवली. मग मनाशी हिशेब लावत तो म्हणाला, "म्हणजे किती वर्षं?"

"चार."

"चार वर्षं," तो म्हणाला. आवाज चढला नाही, उतरला. "मी बायकोला सांगायचो, बाकी ऑपरेटरचं काही खरं नाही. शिवाभाई बघतात. म्हणून तर त्या फटीत उभा राहायचो मी. दुसऱ्या शिफ्टला मी तिथं कधी उभा राहिलो नाही."

सफूरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढं आली आणि माझ्यासमोरचा कप उचलून घेऊन गेली. त्यात अर्धा चहा होता. मी उठलो. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, पण मला जे शब्द सुचत होते ते सगळे धनेशचे होते. सांगायचं राहून गेलं. मी काय करणार होतो. अबरारनं तोंड गॅलरीकडं वळवलं आणि मी दार ओढून घेतलं.

धनेशची तक्रार घेऊन मी त्या घरात गेलो होतो. दोराला धरून जिना उतरताना ती माझ्याकडं तशीच होती, फक्त आता ती कुणासमोर मांडायची हे कळत नव्हतं. धनेशला मी क्षमा केलेली नाही. करणारही नाही. पण रागानं त्याचा चेहरा आठवायला गेलो की मधेच माझा हात वर येतो.

खाली रस्त्यावर दुपारची गर्दी होती. मी दुकानांच्या कडेनं चालत कोपऱ्यापर्यंत आलो. डावीकडं वर अबरारची गॅलरी आहे, हे मला माहीत होतं. तो खाटेवरून सरकून गॅलरीत आला असेल, मी जाताना बघत असेल, असं वाटलं. आणि माझा हात वर गेला, कोपरापासून पूर्ण, नेहमीसारखा.

तेव्हा मी थांबलो. उजवा डोळा तिथपर्यंत पोहोचावा म्हणून मान पार फिरवून वर पाहिलं. गॅलरीचं दार लावलेलं होतं. दोरीवर एक लुंगी आणि दोन टॉवेल वाळत होते.

माझा हात अजून वरच होता. मी त्याला बोलावलं असं समजून एक रिक्षावाला समोर येऊन उभा राहिला आणि कुठं जायचंय म्हणून विचारत राहिला.